एचआयव्हीबाधितांचे वार्धक्य
एचआयव्हीसह जगणाऱ्या, रूढ गणनेप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींची शारीरिक अवस्था. ५० ही मर्यादा एरवीच्या ६० किंवा ६५ च्या मानाने बरीच खालची आहे. ती शरीरशास्त्रापेक्षा साथीच्या आरंभीच्या वयोगटवार नोंदींतून आली असावी. १९९६ च्या सुमारास अनेक औषधांचा संयुक्त उपचार (एआरटी) रूढ होईपर्यंत म्हातारपण गाठणारे रुग्ण विरळाच.

या व्यक्तींना वार्धक्य लवकर येते, की वेळेवरच पण जड होऊन येते, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या मताचा मुख्य आधार म्हणजे डीएनएवरील मेथिल गटांवरून (वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणांवरून) वय काढणारे ‘जैविक घड्याळ’. होर्व्हाथ व लेव्हिन यांना २०१५ मध्ये बाधितांचे रक्त सुमारे ५, तर मेंदूची ऊती सुमारे ७ वर्षांनी जून आढळली. मात्र घड्याळ पुढे असणे आणि आजार लवकर जडणे या एकच गोष्टी नव्हेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांच्या पाहणीत हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंडे निकामी होणे व काही कर्करोग यांचा धोका बाधितांत अधिक दिसला. हे आजार जडण्याचे वय मात्र इतरांच्या जवळपासच होते. आधीच्या काही अभ्यासांतील मोठी तफावत बाधितांचा गटच वयाने तरुण असल्यामुळे पडली असावी. दुसरे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

कारणांमध्ये रेंगाळणारा दाह (प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहणे) प्रमुख मानतात. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) चाचणीत न दिसण्याइतका घटल्यावरही दाह पुरता शमत नाही. धूम्रपानाचा वाटाही मोठा आहे.

भारतात सरकारी मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळच्या स्टॅव्ह्युडीन या एआरटीतील औषधाने अनेकांचे गाल बसत, हातापायांच्या शिरा उठून दिसत. चाळिशीतला माणूस साठीचा वाटे. हे म्हातारपण औषधाचे होते. आजच्या गोळीतील टेनोफोव्हिर हाडे व मूत्रपिंडे यांना काहीसे जाचक ठरते, तर तिच्यातीलच डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मधुमेही रुग्णांत मेटफॉर्मिनची मात्रा आवरती ठेवतात. कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी घ्यायची झाल्यास डोल्युटेग्राव्हिर तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घेतात. जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात.