स्कॉटिश कोण, हे सांगणारी मतदारयादी

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये झालेल्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : 'स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?' खाली दोन चौकोन, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा. मूळ मसुद्यात या ओळीची सुरुवात 'तुम्हाला हे मान्य आहे का, की' अशी होती. 'मान्य आहे का' असं विचारलं की माणूस सहज होकाराकडे झुकतो, म्हणून निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने ते शब्द गाळायला सुचवलं आणि एडिनबरोच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, सरकारने ते ऐकलं. या शब्दांची तेव्हा बरीच चर्चा झाली. पण सगळ्यांत मोठा निर्णय मतपत्रिका छापण्याच्या कितीतरी आधी झाला होता. मत कोणाला द्यायचं, हा तो निर्णय.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडन आणि एडिनबरोच्या सरकारांत करार झाला आणि मतदानाचे नियम ठरवण्याचं काम स्कॉटिश संसदेकडे आलं. तिने कसोटी ठेवली ती राहत्या पत्त्याची. जो स्कॉटलंडमध्ये राहतो आणि तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो, तो या प्रश्नावरही मत देईल. वयाची अट १६ वर आणली. म्हणजे एडिनबरोत दुकान चालवणारा पोलंडचा नागरिक मतदार झाला, डंडीत शिकायला आलेली आणि व्हिसावर राहणारी भारतीय विद्यार्थिनीही मतदार झाली, कारण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तिथे हा हक्क आधीपासून आहे. तिथे राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसांनाही तो मिळाला. आणि इनव्हर्नेसमध्ये जन्मून नोकरीसाठी लंडनला स्थायिक झालेल्या माणसाला मात्र मत नव्हतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि ब्रिटनच्या इतर भागांत राहणारे असे लोक सात लाखांहून अधिक होते.

त्यांचा संताप खरा होता, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मातीत आजी-आजोबा पुरले आहेत, ती वेगळा देश होणार की नाही हे ठरत असताना आपल्याला कुणी विचारत नाही, हे दुखणारच. फुटबॉलच्या स्कॉटिश संघात तर आजीच्या जन्मगावावरूनही जागा मिळू शकते. मग मतदारयादीत का नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की गुंता लक्षात येतो. कायद्याच्या पुस्तकात 'स्कॉटिश नागरिक' असं काही नाही. पासपोर्ट ब्रिटनचा आहे. जन्मावरून ठरवायचं, तर ग्लासगोत जन्मून सहाव्या महिन्यात बर्मिंगहॅमला गेलेला माणूस आत येतो आणि दोन वर्षांची असताना लीड्सहून आलेली, तिथेच शाळा, संसार, नोकरी केलेली बाई बाहेर पडते. आई-वडिलांवरून ठरवायचं, तर वंशावळी तपासणारी कचेरी उघडावी लागेल. स्थानिक निवडणुकीची यादी आयती होती, स्कॉटिश संसद हवी का, यावरच्या १९९७ च्या सार्वमतातही जवळपास तीच वापरली होती. सोय म्हणून आणि तत्त्व म्हणूनही तीच घेतली गेली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाने, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीने, 'इथे राहतो तो आपला' ही व्याख्या स्वतःचं नुकसान होण्याची शक्यता असतानाही सोडली नाही, ही गोष्ट या सगळ्या इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते.

नुकसान झालंही. निकाल ५५.३ टक्के 'नाही' आणि ४४.७ टक्के 'हो' असा लागला. मतदान ८४.६ टक्के झालं. त्यानंतरच्या एका विद्यापीठीय पाहणीत दिसलं, की स्कॉटलंडमध्येच जन्मलेल्यांत 'हो'ची बाजू थोडक्यात पुढे होती, ५२-५३ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनच्या इतर भागांत जन्मून तिथे आलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटलं. हा आकडा काहींच्या मनात सलत राहिला आणि पुढच्या वेळी जन्माची अट घाला, अशी मागणीही मोजक्या लोकांनी केली. पक्षनेतृत्वाने ती उचलली नाही. उलट २०२० च्या कायद्याने स्कॉटिश आणि स्थानिक निवडणुकांतला मताधिकार कायदेशीर वास्तव्य असलेल्या सर्व परदेशी नागरिकांना, निर्वासितांनाही, दिला. त्याच पाहणीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं : तिथेच जन्मलेल्या दर शंभरांतल्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस जणांना स्वतंत्र देश नको होता. ते कमी स्कॉटिश होते असं म्हणायला काहीही आधार नाही.

इथे शब्दांचाही घोळ आहे. तिथे 'राष्ट्रवादी' म्हणजे स्वातंत्र्य मागणारा. ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्याला 'संघवादी' म्हणावं, तर मराठीत त्या शब्दाचा अर्थ वेगळाच झाला आहे, म्हणून मी 'युनियनवादी' म्हणतो. त्याहून जुना घोळ 'इंग्रज' या शब्दाचा. आपण शाळेत ज्यांना इंग्रज म्हणून शिकलो, त्यांतले मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ हे दोघेही स्कॉट होते. साम्राज्यात स्कॉटिश माणूस वाटेकरी होता, अनेक ठिकाणी पुढारी होता, आणि ब्रिटिश म्हणवून घेण्यात त्याला फायदाही होता आणि अभिमानही. १७०७ च्या एकीकरणात एडिनबरोची संसद गेली, पण कायदा, चर्च आणि शाळा स्वतंत्र राहिल्या. त्यामुळे 'आपण स्कॉटिश' हे सिद्ध करायला वेगळं राज्य लागतं, असं पुढची अडीचशे वर्षं फारसं कुणाला वाटलं नाही.

१९५५ मध्ये युनियनवादी उजव्या पक्षाला आणि त्याच्या मित्रांना स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळाली होती. प्रॉटेस्टंट कामगार त्यांच्याकडे, आयरिश वंशाचे कॅथलिक मजूर पक्षाकडे, अशी ती जुनी विभागणी. जहाजबांधणी, खाणी आणि पोलाद बसलं तशी ती विरत गेली. १९९७ मध्ये त्याच उजव्या पक्षाची स्कॉटलंडमधली एकही जागा उरली नाही. मधल्या काळातली एक खूण तिथे अजून सांगतात : दरडोई कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्ये, स्कॉटलंडमध्ये लावला गेला. 'प्रयोग आमच्यावर' ही भावना त्या कराने घट्ट केली.

कोणाला मोजायचं हा वाद त्याआधी एकदा झाला होता आणि तो फार वाईट पद्धतीने सोडवला गेला. १ मार्च १९७९ ला मर्यादित अधिकारांच्या विधानसभेसाठी कौल घेतला. ५१.६ टक्के मतं बाजूने पडली. पण लंडनच्या संसदेत एका खासदाराने, तोही जन्माने स्कॉट आणि निवडून आलेला लंडनमधून, अशी अट घालून घेतली होती, की एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्के तरी बाजूने हवेत. ते भरले ३२.९ टक्के. घरी बसलेला, गाव बदललेला माणूसही विरोधात धरला गेल्यासारखं झालं. विधानसभा बारगळली. महिना संपायच्या आत लंडनचं सरकार अविश्वास ठरावावर एका मताने पडलं. पुढे १९९७ मध्ये तसली अट न घालता विचारलं, तेव्हा ७४.३ टक्क्यांनी संसद मागितली.

२०१४ च्या त्या उन्हाळ्यात ग्लासगोतल्या जुन्या दगडी इमारतींकडे पाहिलं की वाद खिडक्यांत दिसायचा. एकाच जिन्याच्या, चाळीसारख्या एकावर एक घरांत, वरच्या काचेत निळा 'येस' आणि खालच्या काचेत 'नो थँक्स'. दोन्ही घरांतली माणसं एकाच बोलीत बोलणारी. मतदानाच्या दिवशी शाळेचा टाय घातलेली मुलं वर्गातून थेट मतदान केंद्रात जाताना दिसली. १६-१७ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांनी नाव नोंदवलं होतं. मतमोजणीच्या ३२ परिसरांपैकी 'हो' जिंकलं ते फक्त चारांत : ग्लासगो, डंडी, नॉर्थ लॅनार्कशायर आणि वेस्ट डनबार्टनशायर. पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाचे, आणि गरिबीचा मोठा भार सोसणारे हे भाग. तिथली फूट ओळखीइतकीच खिशाची होती.

मत देऊन झालं तरी बाजू विसरल्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षाने स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या, कारण 'हो'वाले एका पक्षामागे गोळा झाले आणि 'नाही'वाले तिघांत वाटले गेले. मग २०१६ आलं. युरोपीय संघात राहावं असं स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के मतदारांनी म्हटलं, बत्तीसही परिसरांत तीच बाजू जिंकली, तरी संपूर्ण ब्रिटन बाहेर पडला. त्या मतदानाची यादी लंडनने ठरवली होती. दोन वर्षांपूर्वी मत दिलेला एडिनबरोचा तो पोलिश दुकानदार या वेळी घरी बसला, १६ वर्षांची मुलंही. भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र दोन्ही वेळा मत होतं. 'स्वतंत्र झालात तर युरोपीय संघातली जागा जाईल' हा २०१४ मधला 'नाही'च्या प्रचाराचा ठळक मुद्दा होता, हे तिथले लोक विसरलेले नाहीत. तरी हिशेब सरळ नाही : स्वातंत्र्यवादी पक्षाच्या मतदारांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी युरोपमधून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की लंडनच्या संमतीशिवाय एडिनबरोची संसद नवं सार्वमत घेऊ शकत नाही. २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्ष ९ जागांवर आला, मजूर पक्षाला स्कॉटलंडच्या आता उरलेल्या ५७ पैकी ३७ मिळाल्या. पण स्वातंत्र्य हवं का, या प्रश्नावरच्या चाचण्या मात्र निम्म्याच्या आसपासच घोटाळत राहिल्या. म्हणजे स्वातंत्र्य हवं असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी या वेळी पक्ष बदलला, मत नाही.

जनगणनेत प्रत्येकाला आपली राष्ट्रीय ओळख विचारतात. २०११ मध्ये 'स्कॉटिश आणि ब्रिटिश दोन्ही' असं लिहिणारे १८.३ टक्के होते, २०२२ मध्ये ८.२ टक्के. फक्त स्कॉटिश म्हणवणारे ६२.४ वरून ६५.५ वर गेले, आणि फक्त ब्रिटिश म्हणवणारे ८.४ वरून १३.९ वर. अकरा वर्षांत दोन्ही टोकं वाढली आणि दोन्ही नावं एकत्र लावणारा मधला माणूस निम्म्याहून कमी झाला.