टर्मिनलमधील फाइल-यादीची रंगयोजना

लिनक्ससारख्या युनिक्स कुळातील प्रणालींवर ‘एलएस’ ही कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, डिरेक्टरीतील (फोल्डरमधील) फाइलींची यादी दाखवते. या यादीत डिरेक्टरी निळी, चालवता येणारी फाइल हिरवी, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारी खूण) आकाशी आणि टार किंवा झिप यांसारखी एकत्र बांधलेली फाइल लाल दिसते. हे रंग प्रणालीत कोरलेले नसतात. ग्नू कोअरयुटिल्स या संचातील ‘एलएस’ ते ‘एलएस_कलर्स’ नावाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामांना सेटिंग पुरवणाऱ्या नामांकित मूल्यातून) वाचते, आणि ते व्हेरिएबल तयार करून देण्याचे काम ‘डिरकलर्स’ ही जोडकमांड करते. फ्रीबीएसडी आणि मॅकओएसची पद्धत वेगळी असून तिची माहिती पुढे आली आहे.

या नोंदीत कमांड, व्हेरिएबल आणि संकेतांक देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात. ‘एलएस_कलर्स’ आणि टर्मिनलचे नाव सांगणारे ‘टर्म’ ही व्हेरिएबल पूर्णपणे मोठ्या लिपीत असतात, तर कमांडची नावे लहान लिपीत.

ग्नू ‘एलएस’चे मूळ लेखक रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेंझी. रंगांची सोय त्यात १९९० च्या दशकात आली. ग्रेग ली यांनी केलेल्या मूळ दुरुस्त्यांवर पीटर अॅन्व्हिन आणि डेनिस फ्लॅहर्टी यांनी ती बेतली. ‘डिरकलर्स’ही अॅन्व्हिन यांचेच.

रंग नेमका कोण ठरवतो?

या विषयातल्या बहुतेक तक्रारी एकाच गैरसमजातून येतात. ‘एलएस’ रंग पाठवत नाही, फक्त क्रमांक पाठवते. त्या क्रमांकाला छटा देण्याचे काम टर्मिनल करते. ‘३४’ म्हणजे ‘निळा’ एवढाच करार असतो. तो निळा किती गडद हे टर्मिनलच्या पॅलेटवर, म्हणजे क्रमांक आणि छटा यांच्या तक्त्यावर, अवलंबून. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर डिरेक्टरींची नावे वाचता येत नसतील, तर आधी पॅलेट बदलायचे की क्रमांक, हे ठरवावे. एकाच टर्मिनलपुरता त्रास असेल तर पॅलेट बदलणे सरळ. अनेक सर्व्हरवर अनेक टर्मिनलांतून काम चालत असेल, तर क्रमांक बदललेला बरा.

जुन्या व्हीजीए पॅलेटमधला निळा काळ्यावर ठेवला तर दोहोंतील कॉन्ट्रास्ट साधारण १.६ : १ भरतो, एक्सटर्म या टर्मिनलचा निळा थोडा उजळ, सुमारे २.२ : १. वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ सांगितला आहे. म्हणजे हा निळा वाचायला जड जातो, यात वापरणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष नाही.

संकेतांक

क्रमांकांची ही भाषा ईसीएमए-४८ या मानकातून आली आहे. ० म्हणजे सगळे पूर्ववत, १ ठळक, ४ अधोरेखित, ५ लुकलुकते, ७ म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांची अदलाबदल. अक्षरांचे आठ रंग ३० ते ३७ : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, आकाशी, पांढरा. त्याच क्रमाने ४० ते ४७ पार्श्वभूमीसाठी. ९० ते ९७ आणि १०० ते १०७ या त्यांच्याच उजळ आवृत्त्या आहेत, पण त्या मूळ मानकात नाहीत. टर्मिनलांनी त्या रूढ केल्या. एकापेक्षा जास्त गुण हवे असतील तर मध्ये अर्धविराम द्यायचा. ‘०१;३४’ म्हणजे ठळक निळा.

आठ रंग अपुरे वाटले तर २५६ रंगांचा तक्ता वापरता येतो. त्यासाठी ‘३८;५;’ लिहून पुढे क्रमांक द्यायचा; पार्श्वभूमीसाठी ‘४८;५;’. तक्त्यातले पहिले १६ रंग पॅलेटमधलेच. १६ ते २३१ हा सहा बाय सहा बाय सहा पायऱ्यांचा ठोकळा, आणि शेवटचे २४ करड्या छटा. ठोकळ्यातला क्रमांक असा काढतात : १६ + ३६ × लाल + ६ × हिरवा + निळा, प्रत्येक घटक ० ते ५. लाल ५, हिरवा २, निळा ० धरला तर २०८ येतो, तो नारिंगी. लाल १, हिरवा ३, निळा ५ धरला तर ७५, म्हणजे फिकट निळा. काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट ९ : १ च्या आसपास जातो. डिरेक्टरीसाठी ‘०१;३८;५;७५’ हा एकच बदल केला तरी बहुतेकांचे काम भागते. ‘३८;२;’ नंतर लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मधली मूल्ये देऊन हवी ती छटाही मिळते, पण त्याला तसे समर्थन असलेले टर्मिनल लागते.

व्हेरिएबलची घडण आणि अग्रक्रम

‘एलएस_कलर्स’ ही एक लांबलचक ओळ असते. तिच्यात ‘किल्ली=संकेतांक’ अशा जोड्या अपूर्णविरामाने जोडलेल्या असतात. मुख्य दोन अक्षरी किल्ल्या अशा : डिरेक्टरीसाठी डीआय, सिम्बॉलिक लिंकसाठी एलएन, तुटलेल्या लिंकसाठी ओआर, चालवता येणाऱ्या फाइलीसाठी ईएक्स, पाइपसाठी पीआय, सॉकेटसाठी एसओ, ब्लॉक आणि कॅरेक्टर उपकरणांसाठी बीडी आणि सीडी, सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फाइलीसाठी एसयू, सेटजीआयडी (गटाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फाइलीसाठी एसजी, कोणालाही लिहिता येईल अशा डिरेक्टरीसाठी ओडब्ल्यू, तशीच पण स्टिकी बिट (दुसऱ्याच्या फाइली पुसू न देणारी खूण) असलेलीसाठी टीडब्ल्यू. एलएनला संकेतांकाऐवजी ‘टार्गेट’ हा शब्द दिला, तर लिंक ज्या फाइलीकडे जाते तिचा रंग घेते. फाइलीच्या विस्तारासाठी तारांकन लावतात, जसे ‘*.झिप=०१;३१’.

तारांकन फक्त सुरुवातीलाच चालते. जुळणी नावाच्या शेपटाशी होते, मधल्या भागाशी नाही. मात्र हे शेपूट म्हणजे विस्तारच असावा असे बंधन नाही : ‘*रीडमी’ किंवा ‘*~’ हेही चालते. ज्यांच्या डिरेक्टरीत ‘अहवाल_अंतिम’ आणि ‘अहवाल_अंतिम_नवा’ असा संसार असतो, त्यांना ‘*_अंतिम_नवा.पीडीएफ’ला वेगळा रंग देता येईल. नाव देवनागरीत असले तरी अडत नाही, कारण तुलना बाइटवार होते. दोन नियम लागू पडत असतील तर ओळीत नंतर आलेला जिंकतो, त्यामुळे ‘*.टार.जीझेड’ हे ‘*.जीझेड’च्या नंतर लिहावे. जुन्या आवृत्त्यांत मोठी आणि लहान लिपी वेगळी धरली जाते. कॅमेऱ्यातून मोठ्या लिपीतल्या विस्ताराची छायाचित्रे आली की त्यांना रंग मिळत नाही. तिथे दोन्ही रूपे लिहावी लागतात.

अग्रक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या फाइलीसाठी ‘एलएस’ आधी सेटयूआयडी, मग सेटजीआयडी, मग चालवण्याची परवानगी पाहते, आणि यांपैकी काहीच नसेल तरच विस्ताराकडे वळते. म्हणून चालवण्याची परवानगी चुकून लागलेले छायाचित्र जांभळे न दिसता हिरवे दिसते. इथे एक उपयुक्त बारकावा आहे : किल्लीला ‘००’ दिले की तो प्रकार ‘रंग नसलेला’ धरला जातो आणि तपासणी पुढच्या पायरीवर सरकते. ‘ईएक्स=००’ केले की विस्तारांचे रंग परत येतात.

बदल करण्याची रीत

पहिली पायरी म्हणजे अंगभूत तक्ता फाइलीत उतरवणे : डिरकलर्स -पी > ~/.डिरकलर्स. या फाइलीत किल्ल्यांऐवजी पूर्ण शब्द असतात, जसे डिर, लिंक, एक्झेक, ऑर्फन, अदर_रायटेबल, प्रत्येकापुढे संकेतांक. विस्तार नुसत्या टिंबाने सुरू होतात. हॅशनंतरचा मजकूर टीप मानला जातो.

हव्या त्या ओळी बदलून झाल्या की शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, जसे बॅश) सांगायचे : इव्हॅल "$(डिरकलर्स -बी ~/.डिरकलर्स)". ही ओळ बॅशच्या ‘~/.बॅशआरसी’त कायमची ठेवतात. उबंटूच्या मूळ बॅशआरसीत ती आधीच असते आणि घरच्या डिरेक्टरीत ‘.डिरकलर्स’ असेल तर आपोआप उचलते, तेव्हा तिथे दुसऱ्यांदा लिहू नये. सी-शेलसाठी -बी ऐवजी -सी. शिवाय ‘एलएस’ला रंग लावायला सांगावे लागते, त्यासाठी एलियास म्हणजे कमांडचे टोपणनाव ठेवतात : एलियास एलएस='एलएस --कलर=ऑटो'. हा पर्याय नसेल तर व्हेरिएबल कितीही नीट भरलेले असो, यादी रंगहीनच येते.

तक्ता न बदलता नुसती चाचणी घ्यायची असेल, तर चालू व्हेरिएबलच्या शेवटी जोडी चिकटवावी : एक्सपोर्ट एलएस_कलर्स="$एलएस_कलर्स:डीआय=०१;३३". नंतरची जोडी आधीचीवर मात करत असल्याने जुनी शोधून काढायची गरज नसते. खिडकी बंद केली की बदल जातो. इथली अवतरणचिन्हे गाळू नयेत. गाळली तर शेल अर्धविरामाला कमांडचा शेवट समजते, व्हेरिएबलमध्ये ‘०१’पर्यंतचाच भाग जातो आणि ‘३३’ नावाची कमांड सापडत नाही असा संदेश येतो.

काय बिघडते आणि का

विस्तारांचे सगळे रंग एकदम गेले, तर ‘टर्म’चे मूल्य पाहावे. तक्त्याच्या आरंभी रंग दाखवू शकणाऱ्या टर्मिनलांची यादी असते. चालू टर्मिनलचे नाव तिच्यात नसेल तर ‘डिरकलर्स’ तक्रार न करता रिकामे व्हेरिएबल देते. नवे टर्मिनल अॅप वापरून जुन्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या कमांडने) गेल्यावर हे हमखास घडते, कारण टर्मिनलचे नाव सोबत जाते पण तिथला तक्ता जुना असतो. आपल्या ‘.डिरकलर्स’मध्ये ‘टर्म’ आणि ते नाव अशी एक ओळ घातली की प्रश्न मिटतो.

याच्या उलट परिस्थिती म्हणजे नव्या संगणकावरचे व्हेरिएबल जुन्या ‘एलएस’ला देणे. अनोळखी किल्ली भेटली की ते व्हेरिएबल वाचता येत नसल्याचा इशारा देते आणि रंग पूर्ण बंद करते. एका किल्लीपायी सगळे जाते. इशाऱ्यात किल्लीचे नाव असते; ती जोडी काढावी.

--कलर=ऑलवेज हा पर्याय एलियासमध्ये घालणे ही जुनी खोड आहे. ‘ऑटो’ असताना ‘एलएस’ पुढे टर्मिनल आहे की पाइप (दुसऱ्या कमांडकडे जाणारी वाट) हे तपासते. ‘ऑलवेज’ ते तपासत नाही. मग यादी दुसऱ्या कमांडला दिली की नावांना एस्केप सीक्वेन्स, म्हणजे रंगाचे न दिसणारे संकेत, चिकटतात आणि डोळ्यांसमोरची फाइलसुद्धा ‘सापडत नाही’. रंगीत यादी पानापानाने वाचायची असेल तेवढ्यापुरते ‘ऑलवेज’ लिहून ‘लेस -आर’कडे पाठवावे, हा आर मोठ्या लिपीतला. नेमका कोणता संकेतांक जातो हे पाहण्यासाठी तीच यादी ‘कॅट -व्ही’ला द्यावी.

डिरेक्टरी निळी व्हायच्या जागी करडी दिसणे हे सोलराइज्ड या पॅलेटचे ठराविक लक्षण. ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पॅलेटने उजळ रंगांच्या बहुतेक जागा करड्या छटांना दिल्या आहेत. ठळक अक्षरे उजळ रंगात दाखवणाऱ्या टर्मिनलवर ‘०१;३४’ थेट त्या करड्या घरात जाऊन पडतो. टर्मिनलमधली ‘ठळक म्हणजे उजळ’ ही निवड बंद करावी, नाहीतर संकेतांकातून ‘०१;’ काढावे.

विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये ‘/एमएनटी/सी’खाली, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हवर, गेल्यावर हिरव्या पट्टीवर निळी अक्षरे दिसतात, ती वाचणे जवळजवळ अशक्य. विंडोजच्या फाइलींना तिथे सरसकट सगळ्या परवानग्या मिळालेल्या असतात; त्यामुळे प्रत्येक डिरेक्टरी ‘कोणालाही लिहिता येणारी’ ठरते आणि तिचा मूळ संकेतांक ‘३४;४२’ लागू होतो. ‘ओडब्ल्यू=००’ केले की डिरेक्टरी नेहमीच्या रंगात येते. खरा उपाय परवानग्यांचा आहे : ‘/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ’मध्ये ऑटोमाउंटच्या पर्यायांत ‘मेटाडेटा,यूमास्क=२२,एफमास्क=११’ द्यावे आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर ही हिरवी पट्टी अचानक दिसली, तर मात्र रंग बदलायच्या आधी ती परवानगी कोणी दिली ते पाहावे. पट्टी त्याचसाठी आहे.

‘सुडो एलएस’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेली ‘एलएस’) रंगहीन येते, कारण सुडोनंतरच्या शब्दाला एलियास लागत नाही. एलियास सुडो='सुडो ' अशी, शेवटी रिकामी जागा सोडलेली, ओळ घातली की लागतो.

लाल आणि हिरवा ज्यांना वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी मूळ योजना गैरसोयीची आहे : चालणारी फाइल हिरवी आणि संकुचित फाइल लाल. एकीला अधोरेखित करावे, किंवा ‘एलएस -एफ’ वापरावे. एफ मोठ्या लिपीतला. त्यात डिरेक्टरीपुढे तिरपी रेघ, चालणाऱ्या फाइलीपुढे तारांकन आणि लिंकपुढे @ येते.

मॅकओएस आणि फ्रीबीएसडी

इथे व्हेरिएबलचे नाव ‘एलएसकलर्स’, मध्ये अधोरेघ नाही. लिनक्सची ओळ तशीच उचलून मॅकवर टाकणारे या एका रेघेने फसतात. या व्हेरिएबलमध्ये फाइलींच्या प्रत्येक प्रकारासाठी अक्षरांची एक जोडी असते. जोडीतले पहिले अक्षर अक्षराच्या रंगाचे, दुसरे पार्श्वभूमीचे. ए काळा, बी लाल, सी हिरवा, डी तपकिरी, ई निळा, एफ जांभळा, जी आकाशी, एच फिकट करडा, एक्स म्हणजे मूळचा. मोठ्या लिपीतले अक्षर ठळकपणा देते. पहिली जोडी डिरेक्टरीची असते आणि ती मुळात ‘ईएक्स’ असते. लिनक्समधल्या त्याच नावाच्या किल्लीशी तिचा संबंध नाही. रंग चालू करण्यासाठी ‘एलएस -जी’ (जी मोठ्या लिपीतला) किंवा ‘सीएलआयकलर’ हे व्हेरिएबल. विस्तारानुसार रंग या पद्धतीत नाहीत. ते हवे असतील तर होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकातून कोअरयुटिल्स घेऊन ‘जीएलएस’ आणि ‘जीडिरकलर्स’ वापरतात.

इतर साधने

‘एलएस_कलर्स’ हे आता एकट्या ‘एलएस’चे राहिलेले नाही. ट्री, एफडी, ईझा आणि एलएसडी हे प्रोग्राम तेच व्हेरिएबल वाचतात. झेड-शेलच्या टॅब-पूर्ततेच्या यादीला ‘झेडस्टाइल’मधून तेच रंग देता येतात. बॅशमध्ये ‘~/.इनपुटआरसी’त ‘सेट कलर्ड-स्टॅट्स ऑन’ ही ओळ पुरते. व्हिव्हिड हा प्रोग्राम तयार थीमवरून पूर्ण ओळ बनवून देतो. शेकडो विस्तार हाताने भरण्यापेक्षा हे सोयीचे, पण सर्व्हरवर तो बसवण्याऐवजी त्याने बनवलेली ओळच तिथे न्यावी.

रंगांची किंमत वेळेत मोजावी लागते. रंगहीन यादीला फक्त नावे लागतात. फाइल चालवता येते का हे कळण्यासाठी मात्र प्रत्येक फाइलीची माहिती वेगळी मागावी लागते. स्वतःच्या डिस्कवर हे जाणवत नाही. नेटवर्कवरच्या फाइलप्रणालीत, हजारो फाइलींच्या डिरेक्टरीत, यादी कित्येक सेकंद अडकते. अशा ठिकाणी ‘ईएक्स=००:एसयू=००:एसजी=००:सीए=००’ एवढे जोडले की ती माहिती मागण्याचे कारणच उरत नाही. डिरेक्टरी आणि विस्तारांचे रंग तरीही टिकतात, कारण डिरेक्टरी वाचतानाच बहुतेक फाइलप्रणाली फाइलीचा प्रकार नावासोबत देतात. यातली सीए ही फाइलींना दिलेल्या खास क्षमतांची किल्ली. तिची तपासणी इतकी महाग की कोअरयुटिल्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी तिचा रंग मुळातच बंद ठेवला आहे.