पार्श्वभूमी : डिस्क चांगली, डेटा जागेवर, तरी जुना पीसी वाचत का नाही

४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम प्रोसेसर असलेला पीसी माळ्यावरून खाली काढला की पहिली तक्रार ठरलेली, डिस्क गेली. बरेचदा डिस्क गेलेलीच नसते, मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असते. त्यामुळे सेटअपमधलं, म्हणजे बायोसच्या (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधलं सगळं पुसलं जातं, मग कोणीतरी डिस्क ऑटो डिटेक्ट करतं, समोर नॉर्मल, लार्ज, एलबीए असे तीन पर्याय येतात आणि अंदाजाने एक निवडला जातो. घोळ इथे सुरू होतो. त्याचं मूळ नव्वदच्या दशकात दिलेल्या एलबीए या चुकीच्या नावात आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितोय.

आधीचं थोडक्यात. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीत १० एमबीची डिस्क यायची, ८४ च्या एटीत २० एमबीची. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा, त्याचा पत्ता सिलेंडर (कितवं वर्तुळ), हेड (कुठली बाजू), सेक्टर (वर्तुळातला कितवा तुकडा) असा सांगायचा. बायोसने त्यासाठी अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट ठेवले, आयडीई (तेव्हाची डिस्क जोडायची पद्धत) डिस्कवाल्यांनी १६, ४ आणि ८. दोघांनी स्वतःपुरती भरपूर जागा ठेवली होती, पण दोन्ही एकत्र आल्यावर प्रत्येक ठिकाणी लहान आकडाच चालणार, म्हणजे १०२४ सिलेंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे एकूण ५२,८४,८२,३०४ बाइट. यालाच कोणी ५२८ एमबी म्हणतं आणि कोणी ५०४, मर्यादा एकच आहे, एमबी दहा लाखाचा धरला की १०२४ गुणिले १०२४ चा एवढाच फरक.

१९९४ च्या सुमारास बाजारात याहून मोठ्या डिस्क सर्रास यायला लागल्या. तेव्हा उपाय असा निघाला की बायोसने डॉसला (तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) खरी मापं सांगायचीच नाहीत, सिलेंडर कमी आणि हेड जास्त दाखवायचे. नॉर्मलमध्ये काही बदल नाही. लार्जमध्ये सिलेंडर १०२४ च्या आत येईपर्यंत निम्मे करत जायचे आणि हेड दुप्पट. एलबीएमध्ये एकूण सेक्टर बघून हेड १६, ३२, ६४, १२८ किंवा २५५ यातले ठरवायचे. शेवटचा आकडा २५६ नाही कारण डॉसला २५६ हेड झेपत नव्हते, आणि १०२४ सिलेंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर मिळून पुढची भिंत ८.४ जीबीवर आली.

आता नावाचा प्रश्न. एलबीए म्हणजे मुळात डिस्कमधल्या सेक्टरना शून्यापासून सरळ ओळीने नंबर देणं, त्यात सिलेंडर नाही की हेड नाही. बायोस आणि डिस्क यांच्यात हे खरंच घडतं. पण सेटअपमधला एलबीए म्हणजे त्याशिवाय वर डॉसला दाखवायची ती बदललेली मापंही, आणि डॉस त्या मापांवरच चालतो. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं गेलं आणि ते चुकीचंच होतं असं माझं ठाम मत आहे, कारण आजही लोक समजतात की एलबीएवर फॉरमॅट केलेली डिस्क कुठल्याही मशीनला लावली तरी वाचली जाईल. साधारण ८ जीबीची एकच डिस्क लार्जमध्ये २४० हेडची दिसते आणि एलबीएमध्ये २५५ ची.

याचा परिणाम बघा. सिलेंडर १, हेड ०, सेक्टर १ हा पत्ता १६ हेड धरले तर १००८ नंबरच्या सेक्टरवर जातो, २५५ धरले तर १६०६५ वर. पहिल्या पार्टिशनचा (डिस्कच्या पहिल्या भागाचा) बूट सेक्टर, जिथून मशीन सुरू होतं तो, मात्र दोन्हीकडे ६३ नंबरवरच सापडतो. म्हणून पार्टिशन दिसतं, मशीन बूट व्हायला लागतं आणि मग अडकतं, किंवा डिर (फाईलींची यादी दाखवणारी आज्ञा) केल्यावर कचरा येतो. डेटा जसाच्या तसा असतो, फक्त आपण भलत्या जागी वाचत असतो. अशा वेळी स्कॅनडिस्क हा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवला तर ते भलत्या जागी लिहायला लागतं आणि मग खरंच नुकसान होतं! आधी तिन्ही मोड बदलून बघायचे, आणि तोवर डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

बायोस जुना असेल तर डिस्कसोबत फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम मिळायचा, तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या सेक्टरपासून बसून हेच काम करायचा. फ्लॉपीवरून सरळ बूट केलं की तो लोड व्हायचा नाही आणि डिस्क रिकामी वाटायची, त्यावर एफडिस्क एमबीआर ही पहिला सेक्टर नव्याने लिहिणारी आज्ञा मारली की तो प्रोग्रॅमच उडायचा. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जुळवलेल्या असेंबल्ड पीसीत बोर्ड जुना आणि डिस्क नवी हे चालायचंच, तिथे हे आठवणीने तपासा. आणि हल्ली डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावतात तेव्हाही हीच गोष्ट, यूएसबी रीडरवर पार्टिशन करताना बहुतेक वेळा २५५ हेड धरले जातात आणि जुन्या बायोसला कार्ड १६ हेडचं दिसतं, म्हणून पार्टिशन त्याच जुन्या मशीनवर करायचं.

नेटवर्कचं दुखणं वेगळं, पण तिथेही वस्तू धड आणि मेळ नाही असंच बरेचदा असतं. कोअॅक्स केबलच्या काळात दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे जोड) लागायचे, एक निघाला की सगळी लाईन बंद. एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाईन) ३ असायचा आणि तोच कॉम २ या सिरियल पोर्टचाही, म्हणून दोघांची टक्कर. नेटवेअर या सर्व्हर सॉफ्टवेअरने १९९३ मध्ये ३.१२ आवृत्तीत फ्रेमचा (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा) डीफॉल्ट प्रकार ८०२.३ वरून ८०२.२ केला, मग केबल ठीक, कार्ड ठीक, तरी जुन्या सेटिंगच्या मशीनला सर्व्हर सापडेना.

आता यात नव्या बाजूची भर पडलीय. २०१७ च्या शेवटापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ (फाईल शेअर करायची जुनी पद्धत) चा सर्व्हर येत नाही आणि सांबाने (लिनक्सवर तेच काम करणारं सॉफ्टवेअर) २०१९ मध्ये ४.११ पासून तो डीफॉल्टने बंद केला, म्हणून विंडोज ९५ ला नव्या मशीनवरचा शेअर उघडता येत नाही, दोष जुन्या कार्डात शोधत बसू नका. सुरक्षेसाठी तो निर्णय बरोबरच होता, त्यामुळे तो परत चालू करण्यापेक्षा फाईल्स एफटीपीने हलवा, डॉसवर त्यासाठी एमटीसीपी हे नेटवर्क सॉफ्टवेअर छान चालतं. आणि २.५ गिगाबिटच्या काही पोर्टना १० मेगाबिट येतच नाही, तिथे मध्ये एखादा जुना १०/१०० चा स्विच लावला की लिंकचा दिवा लागतो.