मेसेजमुळे मुलांची भाषा बिघडते, हा गैरसमज

‘मोबाइलनं पोट्ट्यांची मराठी बिघडवली’ हे नागपुरात महालपासून धरमपेठेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. शुद्धलेखन कच्चं दिसलं की खापर मेसेजवर फुटतं. तपासणीत मात्र उलटं दिसलं. ब्रिटनमधल्या प्लेस्टर, वुड आणि जोशी या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मेसेजमध्ये लघुरूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचं शब्दवाचन सरस होतं. शब्द आखूड करायला त्याचे ध्वनी आधी नीट ओळखावे लागतात. (अभ्यास इंग्रजीचा आहे, मराठीला जसाच्या तसा लावू नये.)

लघुरूपं आपल्याला नवी नाहीतच. आजोबांची पत्रं ‘सा. न. वि. वि.’नेच सुरू होत, त्यांची मराठी कुणी बिघडलेली म्हटली नाही.

रोमन मराठीही, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, आळसातून आली नाही. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरी चिन्हं फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात.

रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ मात्र हरवतं, म्हणून देवनागरीचा सराव हवाच. त्यासाठी फोन हिसकावू नका. त्यावर मराठी कीबोर्ड सुरू करून द्या आणि स्वतःही मुलांना देवनागरीतच मेसेज पाठवा.