ट्रकच्या पाट्याचा चाकू आणि हिरड्यात कमावलेलं म्यान : हाताने बनवलेल्या सर्व्हायव्हल चाकूची पार्श्वभूमी

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या उतरून खाली चहाला थांबलो होतो, तेव्हा ग्रुपमधल्या एका पोराने माझ्या कमरेचा चाकू बघितला आणि विचारलं, "दादा, हा बाहेरून मागवला का?" म्हटलं नाही रे, नाशिकचाच आहे, ट्रकच्या पाट्यातून, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून, बनवून घेतलाय. त्याला खरंच वाटेना. म्हणून हे लिहितोय, कारण या सर्व्हायव्हल चाकूचा, म्हणजे रानात अडकलं तर तगून राहायला लागणाऱ्या चाकूचा, अर्धा इतिहास बाहेरचा असला तरी उरलेला अर्धा आपल्याच भागातला आहे आणि तो कोणी सांगत नाही.

बाहेरचं आधी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या शेवटाला, अमेरिकन मरीन दलाने ७ इंची पात्याचा चाकू घेतला, तोच पुढे का-बार म्हणून गाजला, त्याची मूठ म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या. मारामारीपेक्षा डबे फोडायला, खड्डे खणायला, फांद्या तोडायलाच तो जास्त कामी आला. मग जेट विमानं आली आणि वैमानिकासाठी ५ इंची चाकू निघाला, पाठीवर करवतीसारखे दाते, आणि म्यानाला बाहेरून छोटा खिसा, त्यात धारेचा दगड. ते दाते लाकूड कापायला असतात असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, पण ते होते पडलेल्या विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर निघायला. ओझरची मिग लढाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघत वाढलेल्या नाशिककराला हे पटकन कळेल.

हाताने चाकू बनवणारे कारागीर तिकडे याच काळात पुढे आले. फ्लोरिडातला बो रँडल हा त्यातला मोठा माणूस, बिल स्कॅगेल नावाच्या कारागिराचा चाकू बघून तो १९३० च्या दशकात स्वतः बनवायला लागला आणि युद्धात सैनिक त्याच्याकडून चाकू मागवू लागले. १९६० च्या दशकात त्याने पोकळ मुठीचा चाकू काढला, आत काड्या, गळ, औषध ठेवायला जागा. १९८२ मध्ये पहिला रॅम्बो आला, त्यातला चाकू अर्कान्सासच्या जिमी लाइलने बनवलेला, आणि मग पोकळ मुठीच्या स्वस्त नकलांचा नुसता पूर आला. त्या नकला तुटायच्या, आणि तुटायच्या नेमक्या पातं आणि मूठ जिथे जोडलेत तिथेच. म्हणून आज अनेक जाणते कारागीर फुल टँग बनवतात, म्हणजे पातं आणि मूठ एकाच पट्टीतून, वरून दोन लाकडी फळ्या रिव्हेटने बसवलेल्या.

आता आपलं. घिसाडी लोहार गावोगाव पाल ठोकून भंगारातल्या पाट्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी पिढ्यान्‌पिढ्या बनवत आलेत. पेठ-हरसूलकडे जंगलात जाणारा माणूस कोयत्याशिवाय निघत नाही, तेव्हा त्याच्यासाठी सर्व्हायव्हल चाकू म्हणजे कोयताच. ट्रकचा पाटा यासाठी इतका चांगला का, तर त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, तो कडकपणा धरतो आणि लाखो वेळा वाकून परत सरळ व्हायलाच बनलेला असतो. फक्त आत आधीच बारीक चीर पडलेली असू शकते, म्हणून फार झिजलेला पाटा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या चाकूला पाणी पाजताना, म्हणजे पातं तापवून एकदम थंड करून कडक करताना, मी भट्टीपाशी उभा होतो. कारागिराने दिवा मालवला, पातं लालबुंद झालं की लोहचुंबकाला लावून बघायचा, चिकटलं की परत आत. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं, तिथून थोडं पुढे नेऊन त्याने पातं गरम तेलात बुडवलं. पाणी पाजणं म्हणतात, पण वापरायचं तेल, कारण या पोलादाला साध्या पाण्यात तडा जायची भीती. मग साधारण २०० अंशांवर दोन वेळा शेकलं, तेव्हा घासलेल्या पात्यावर भाताच्या पेंढ्यासारखा पिवळा रंग चढला. हे शेकणं चुकलं तर दगडावर आपटताच चाकूचा तुकडा पडतो.

म्यानाबद्दल कमी बोललं जातं, खरं तर निम्मं काम तेच आहे. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं लागतं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसंच, आणि हिरडा तर आपल्या सह्याद्रीतला. ओलं करून चाकूवर दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून बसतं. दोन थरांच्या मध्ये कडेने चामड्याची एक जाड पट्टी घालतात, ती नसेल तर धार थेट शिवणीवर घासते आणि एक दिवस दोरा कापून चाकू मांडीत घुसतो. शिवण दोन सुयांची, एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

कायद्याचं पण माहीत असू द्या, शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरकाम-शेतीकामाचं सोडून, शस्त्रात धरलंय. म्हणून मी ५ इंचीच सांगितला, आणि तोही फक्त ट्रेकला नेतो, गावात कमरेला लावून फिरत नाही.

घरी आलो की चाकू म्यानात ठेवत नाही. कातड्यात ओल राहते, कमावतानाचा आंबटपणा असतो, एका पावसाळ्यात पात्यावर काळे डाग पडतात. खोबरेल तेलाचा हात फिरवून पातं कपड्यात गुंडाळतो आणि म्यान वेगळं खुंटीला टांगतो.