बेरिक आणि रशियाचं न संपलेलं 'युद्ध'

इंग्लंडच्या अगदी उत्तर टोकाला, ट्वीड नदीच्या मुखाशी बेरिक-अपॉन-ट्वीड हे छोटं गाव आहे. त्याची एक गंमत वर्षानुवर्षं फिरते: रशियाविरुद्ध क्रिमियन युद्ध पुकारताना ब्रिटनने या गावाचं नाव वेगळं घेतलं, युद्ध संपवणाऱ्या १८५६च्या पॅरिस तहात ते लिहायचं राहिलं, म्हणून बेरिक कागदोपत्री रशियाशी अजून लढतंच आहे!

किस्सा झकास, पण खोटा. तहात बेरिक नाही हे खरं. मात्र १८५४च्या युद्धघोषणेतही ते नाही. जे युद्धात शिरलंच नाही, ते बाहेर कसं पडणार?

अर्थात, अफवेला जागा होतीच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या ओढाताणीत गावाची मालकी कितीदा तरी पालटली. १४८२ साली ते कायमचं इंग्रजांकडे आलं, तरी पुढे दीर्घकाळ त्याचा दर्जा धड इकडचा ना तिकडचा. म्हणून कायद्यांत 'इंग्लंड, वेल्स आणि बेरिक' असं लिहायची रीत पडली. ती मुळात १७४६च्या कायद्यानेच अनावश्यक ठरवली होती: इंग्लंड म्हटलं की बेरिक त्यात आलंच. म्हणजे क्रिमियन युद्धाच्या शतकभर आधीच प्रश्न मिटला होता.

आज तिथे टाउन कौन्सिल आहे, पण २००९मध्ये बेरिकची बरो कौन्सिल (गाव आणि आसपासच्या भागाची स्थानिक परिषद) बरखास्त झाल्यापासून मोठा कारभार नॉर्थंबरलँड कौंटी कौन्सिल पाहते. आणि गावचा फुटबॉल संघ? तो मात्र अजूनही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो.