पिसांत प्रथिनं भरपूर, मग सोयापेंड कशाला?

कोंबडीच्या पिसांत ८० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, तर सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के. तरीही ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या, खाद्याचा भार सोयापेंडीवरच आहे, कारण पिसांतलं केराटिन हे चिवट प्रथिन कोंबडीला पचत नाही. दाबाखाली वाफेवर शिजवलं तर बरंचसं पचतं, पण त्यात लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तुटपुंजीच. सोयापेंड महागली की पर्यायांची चर्चा सुरू होते, आणि ती नेमकी टक्केवारीतच अडकते.

कोंबडीला खरं तर प्रथिनांतली अमिनो आम्लं लागतात, आणि तीही ठरावीक प्रमाणात. जे सर्वांत कमी पडतं, त्याच्या मापाने वाढ होते. मका-सोयाच्या खाद्यात ते मिथिओनिन. ते संपलं की उरलेल्या अमिनो आम्लांचं मांस होत नाही. त्यांतला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेतून जातो आणि शेडमध्ये अमोनिया वाढतो.

सोयाला पर्याय असलेल्या पेंडींपैकी प्रत्येकीची अडचण वेगळी. सरकी पेंडीतलं गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य लायसिनलाच बांधून ठेवतं. गवारीच्या चुरीतल्या डिंकामुळे आतड्यातलं अन्न चिकट होतं, म्हणून सोबत तो डिंक तोडणारं मॅननेज हे विकर (एन्झाइम) द्यावं लागतं. सूर्यफुलाच्या पेंडीत तंतू जास्त, लायसिन कमी. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या डीडीजीएसबाबत मात्र फार जपायला हवं. स्टार्च निघून गेल्यामुळे त्यात प्रथिनं सुमारे तिपटीने दाटतात, आणि मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही तितकंच दाटतं.

सध्या सर्वाधिक उत्सुकता आहे ती ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांची. सुकवलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिनं मिळतात, अमिनो आम्लांचा मेळही चांगला आहे. पण हा आकडा आधी तपासून घ्यावा. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात. अळीच्या कातडीतलं कायटिन प्रथिन नव्हे, पण त्यातही नायट्रोजन असतो, त्यामुळे हिशेब फुगतो. म्हणून काही संशोधकांनी अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला आहे. त्याने ४० टक्के मोजलेली प्रथिनं साधारण ३० वर येतात!

युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबडीखाद्यात कीटक-प्रथिनांना परवानगी दिली. मात्र तिथे अळ्याही पाळीव पशूच मानल्या जातात, त्यामुळे त्यांना उष्टं-खरकटं घालता येत नाही. कचऱ्यातून प्रथिन मिळवण्याचं आकर्षण तिथेच कमी होतं. अळ्यांनाही धान्याचाच कोंडा-भुसा घालायचा, तर तोच थेट कोंबडीला का देऊ नये, हे आधी तपासावं लागतं.

माझ्या मते आज सर्वांत भरवशाचा मार्ग कमी गाजावाजा झालेला आहे. कारखान्यात तयार होणारं मिथिओनिन, लायसिन आणि थ्रिओनिन नेमकं मोजून घातलं, तर खाद्यातली एकूण प्रथिनं एक-दोन टक्क्यांनी उतरवूनही वजन टिकतं. सोयापेंड तेवढी कमी लागते, विष्ठेतला नायट्रोजनही घटतो. मग सरकी किंवा सूर्यफुलाची पेंड थोड्या प्रमाणात वापरणंही सोपं जातं, कारण तिच्यात जे उणं आहे ते आधीच भरून काढलेलं असतं.